आणि तिची मुलगी

लिनेदच्या टेबलाशेजारी दुसरं एक टेबल होतं. त्यावर कॉम्प्युटर होता, पेन्सिलींचा डबा होता, चहाच्या कपाखाली ठेवायची बुचाची चकतीसुद्धा होती. खुर्ची तेवढी नव्हती. खुर्ची माब्ली आल्यावर तिच्या पसंतीने घ्यायची, असं लिनेदने मनाशी ठरवलं होतं, आणि ते ठरवल्याला दोन वर्षं होत आली होती.

वेल्समधल्या बाला गावाच्या मुख्य रस्त्यावर, बेकरीच्या वरच्या खोलीत ती छोट्या धंदेवाल्यांना लोगो आणि वेबसाइटचे बॅनर करून द्यायची. कुत्र्यांना अंघोळ घालणारी नेस्टा, धुराडी साफ करणारा माणूस, तळ्यावर होड्या भाड्याने देणारे दोघे भाऊ अशी सगळी गिऱ्हाइकं. प्रत्येकाला लोगोत मेंढी हवी असायची. होडीवाल्यांनाही हवी होती.

"अहो, होडीत मेंढी कशाला?" लिनेदने विचारलं होतं.

"लोकांना घरचं वाटतं," थोरला म्हणाला.

मग तिने शिडालाच मेंढीच्या पाठीसारखी गोलाई दिली. दोघे इतके खूष झाले की त्या उन्हाळ्यात तिला तळ्यावर चार फेऱ्या फुकट मिळाल्या. तिचं काम असं होतं. माणसाला काय हवंय हे त्याच्या बोलण्यातून ऐकायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. एकाच माणसाचं तिला ओळखता आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि तिने तिकडे पाठ फिरवली होती. ते माणूस म्हणजे तिची मुलगी, माब्ली.

माब्ली दहा वर्षांची असताना लिनेदचा नवरा ग्विलिम घर सोडून समुद्रकाठी नेविनला राहायला गेला. भांडण मोठं नव्हतं; दोघांचं जमेनासं झालं होतं, एवढंच. माब्ली आईजवळ वाढली, कार्डिफला चित्रकलेच्या कॉलेजात गेली, आणि दुसऱ्या वर्षी ते सोडून थेट वडिलांकडे गेली, खुर्च्या करायला शिकायला. ओकची जाड बैठक, तिला भोकं पाडून ठोकलेले पाय आणि पाठीला काठ्यांची रांग, अशा जुन्या पद्धतीच्या खुर्च्या ग्विलिम करायचा. लिनेद सगळ्यांना सांगायची, "हात पोळले की येईल परत. टेबल तयारच आहे."

मार्चमध्ये एका सकाळी माब्ली जिना चढून वर आली. केसांत लाकडाचा भुसा.

"आई, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"आधी काम सांग."

"लोगो हवाय. वेबसाइटला लांब बॅनर हवाय. आणि त्याच लोगोचा लोखंडी ठसा करून घ्यायचाय, खुर्चीच्या बैठकीखाली डागायला."

"कुणासाठी?"

माब्लीने गळ्यातला मफलर काढला, त्याची घडी केली, घडी मोडली. "आमच्यासाठी. बाबांनी मला भागीदार केलंय. 'ग्विलिम आणि त्याची मुलगी' असं नाव ठरलंय."

खाली बेकरीत कुणीतरी ट्रे आपटला. लिनेदने वही ओढली आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "रंग?"

"एकच. ठशाला चालेल असा."

"मेंढी हवी का?"

"आई!" माब्ली खळखळून हसली, आणि तिच्याबरोबर लिनेदही हसली. "हे बघ, फुकट नको. मी तुला एक खुर्ची करून देते. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकटीच्या हातची पहिली खुर्ची."

लिनेदने नकळत दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. "कर," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिने सात लोगो केले आणि सातही टाकून दिले. अक्षरं नीट होती, पण ती कुणाचीही असू शकली असती. आठव्या दिवशी तिने जुन्या फायलींचा कप्पा उघडला. तिथे एक चित्र होतं, जे तिने आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

ग्विलिम गेला त्या हिवाळ्यात लहानगी माब्ली लिनेदच्या टेबलाखाली पोटावर झोपून चित्रं काढायची. एकदा तिने जाड खडूने 'एम' काढला, दोन्ही पाय फाकवून उभा राहिलेला, हट्टी. "हा माझा एम," ती म्हणाली, "माझ्या नावाचा. आणि 'मुलगी'चा पण." वेल्शमध्ये मुलीला मेर्ख म्हणतात. लिनेदने तो कागद जपला, एमच्या वळणावर बाकीची अक्षरं बेतली, आणि तिचा आयुष्यातला सगळ्यात चांगला लोगो तयार झाला: 'लिनेद आणि तिची मुलगी'. अक्षरांची तिने चित्रंच करून टाकली होती, म्हणजे ती आता पुसून नव्याने टाइप करण्यासारखी राहिली नव्हती. ज्या दिवशी माब्ली शेजारच्या टेबलावर बसेल, त्या दिवशी तो दाराबाहेर लावायचा होता.

लेकराने मागितलं आणि आपल्या घरात त्याहून चांगलं काही नाही, तर काय करायचं? ठेवणीतलं काढून द्यायचं. लिनेदने फायलीत आपल्या नावाचा थर, म्हणजे लेयर, झाकला आणि त्या जागी त्याच वळणाने 'ग्विलिम' काढलं. तासाभरात काम झालं. पाठवताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं.

माब्लीचं उत्तर लगेच आलं. "आई, किती सुंदर! बाबा तर खूषच झाले." ठसा ओतायला गेला. बॅनर शुक्रवारी वेबसाइटवर चढला.

रविवारी चॅपलच्या पायरीवरच आयरवेनने तिला गाठलं. आयरवेन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची आणि गावातल्या सगळ्यांच्या बातम्याही तिच्याच हाताखालून जायच्या.

"काय गं लिनेद, ग्विलिम बाई कधी झाला? कळवायचंस तरी. फुलं पाठवली असती."

मागे उभ्या दोघीतिघी फिसकन हसल्या.

"म्हणजे?"

"अगं, तूच लिहिलंयस ना! 'ग्विलिम आणि तिची मुलगी.' काल माझ्या भाचीने फोनवर दाखवलं. आम्ही चहा सांडला हसता हसता."

आमच्या वेल्श भाषेत 'त्याची' आणि 'तिची' यांना शब्द एकच. फरक पडतो तो पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात. मुलगी 'तिची' असेल तर मेर्ख, एमने. 'त्याची' असेल तर वेर्ख, आणि आमच्याकडे 'व' लिहायचा एफने. इथलं चार वर्षांचं पोरही बोलताना ही चूक करत नाही, आणि लिनेदच्या जिभेनेही जन्मात केली नसती. पण तिने नाव बदललं होतं, अक्षर बदललं नव्हतं. तिच्या डोळ्यांना तो शब्द नव्हताच. ते एक चित्र होतं, आणि त्या चित्रात मुलगी आईची होती.

"हात घसरला," लिनेद म्हणाली, आणि आत जाऊन नेहमीच्या बाकावर बसली.

म्हातारे पॅरी पाद्री त्या दिवशी प्रवचनाला उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. सुरुवात ते अशी करायचे, जणू बसचं वेळापत्रक वाचताहेत. मग एखाद्या वाक्यावर आवाज एक पायरी चढायचा, पुढच्या वाक्यावर आणखी एक, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते त्यांनाही कळत नसे. सूर लागला की दोन्ही हात व्यासपीठाच्या कठड्यावर, डोळे मिटलेले, आणि शब्द असे यायचे की ज्याला जे हवं ते त्याला मिळावं. वर्षानुवर्षं त्या आवाजाने लिनेदची पाठ सरळ ठेवली होती. ग्विलिम गेला तो हिवाळाही त्याच आवाजाच्या आधाराने सरला होता.

त्या दिवशी ते नावाबद्दल बोलत होते. "दुकानावर नाव, गाडीवर नाव, थडग्यावर नाव," आवाज चढला, "आणि देवाच्या दारावर? पाटी नाही, बाळांनो, पाटी नाही! हे घर कुणाचं, हे लेकरू कुणाचं, कुणी विचारत नाही... दार उघडं आहे, दार उघडं आहे..." शेवटचे शब्द त्यांनी तीनदा गायले, दर वेळी वेगळ्या सुरात, आणि सगळ्या बाकांवरून खालच्या आवाजात हुंकार उठला.

एरवी इथे लिनेदचे डोळे भरून यायचे आणि मन हलकं व्हायचं. आज डोळे भरले, हलकं काही झालं नाही. पाटी नसलेल्या घरात राहायला देवाला जमत असेल. हिचा सगळा जन्म पाट्या करण्यात गेला होता. बाकीचे गाण्यासाठी उभे राहिले, तेव्हाही ती बसूनच होती.

सोमवारी माब्ली आली. हातात कापडात गुंडाळलेला ठसा.

"आई, बाबा म्हणतात, आता मला झगा शिवून दे!" ती दारातूनच हसत म्हणाली. "मीही बघितलं नाही गं नीट. एवढं सुंदर दिसत होतं की वाचलंच नाही. ठसा पण तसाच ओतून आला, बघ."

"नवा माझ्याकडून. चूक माझी."

"असू दे गं. फाइल उघड, एफ कर, मी उभ्या उभ्या घेऊन जाते."

लिनेदने फाइल उघडली. माब्ली कॉलेजात हेच काम शिकलेली. तिचे डोळे सवयीने थरांच्या यादीकडे गेले.

"हे काय झाकून ठेवलंयस?"

"नको, ते..."

पण माब्लीचं बोट माऊसवर पडलंही होतं. ग्विलिमच्या नावावर दुसरं नाव उमटलं, दोन्हींची गिचमिड झाली. माब्लीने ग्विलिमचं नाव झाकलं. मग पडद्यावर एकच ओळ राहिली, स्वच्छ. लिनेद आणि तिची मुलगी. खाली फाइल पहिल्यांदा केल्याची तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची.

माब्लीने पडद्यावरच्या एमवरून बोट फिरवलं.

"हा एम मी काढला होता," ती म्हणाली.

"टेबलाखाली झोपून. हिरव्या खडूने."

"आणि तू हा आम्हाला देऊन टाकलास." तिने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. पेन्सिलींचा डबा, चकती, धूळ पुसलेला पडदा. आजवर तिला ते गिऱ्हाइकांचं टेबल वाटत होतं. "आई, तू मला कधी विचारलंच नाहीस."

"विचारलं असतं तर?"

खोटं बोलणं माब्लीच्या स्वभावात नव्हतं, हे लिनेदइतकं कुणाला ठाऊक असणार! 

"नाही म्हणाले असते," माब्ली म्हणाली. "दिवसभर पडद्यापुढे बसले ना, की हे हात माझे वाटतच नाहीत. तिकडे संध्याकाळी हाताला लाकडाचा वास येतो. बाबांना निवडलं असं नाही गं, आई. खरंच नाही."

"ठाऊक होतं मला," लिनेद म्हणाली. "म्हणून तर विचारलं नाही."

तिने आपलं नाव पुन्हा झाकलं. "बैस. एफ करून देते."

"कुठे बसू?"

दोघींनी खोलीभर पाहिलं. बसायला खरंच दुसरं काही नव्हतं. माब्ली आईच्या खुर्चीमागे उभी राहिली, तिच्या पाठीवर हात टेकवून.

एमचा डावा पाय लिनेदने तसाच ठेवला. मधला उतार कापून वर आडवा केला. उजव्या पायातून छोटीशी मधली दांडी काढली.

"वरची जरा लांब," माब्ली मागून म्हणाली.

"एवढी?"

"थोडी कमी. हां. आता मधली खाली घे, नाहीतर डागताना भरून येईल."

"बरोबर आहे. माझ्या लक्षात नव्हतं."

अशी वीस मिनिटं दोघींनी एका टेबलावर काम केलं. उरलेले तुकडे पडद्याच्या कडेला पडून राहिले, ते लिनेदने पुसले नाहीत. एफ छान झाला. तिला चांगला झाल्याचं कळतही होतं, हेच वाईट.

जाताना माब्लीने आईला घट्ट धरलं, इतकं की भुसा लिनेदच्या स्वेटरला लागला. "हा जुना ठसा भंगारात टाकू ना?"

"राहू दे. कागदांवर ठेवायला होईल."

मे महिन्याच्या शेवटी खुर्ची आली. सामान पोचवणाऱ्या माणसाने ती वर आणून ठेवली. माब्ली त्या दिवशी दक्षिणेत एका जत्रेत खुर्च्या मांडून बसली होती. पायाला चिठ्ठी बांधलेली: "आई, मागे टेकून बस. तुझी पाठ दुखते ना, म्हणून काठ्या जरा कलत्या केल्यात."

लिनेद बसली. पाठ जिथे दुखायची नेमकी तिथे काठ्या लागल्या. हे माप कुणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मागे उभी राहून पोरीने हाताने घेतलं असणार. खुर्ची लिनेदच्या मापाची होती. दुसऱ्या, उंच टेबलाला ती बुटकी पडली असती.

मग ती उठली आणि तिने खुर्ची उलटी केली. मनात एक वेडी आशा होती आणि ती आशा आहे हे तिला ठाऊकही होतं: निदान या एका खुर्चीला, खाली, जिथे कुणी बघत नाही, पोरीने हाताने एम कोरला असेल...

बैठकीखाली ठसा होता. कडा सुबक, कुठे भरून आलेलं नाही. ग्विलिम आणि त्याची मुलगी. एफ. पोरीने काम चोख केलं होतं. आपल्या पहिल्या खुर्चीवर चुकीचं अक्षर कोण कोरेल? लिनेदनेही कोरलं नसतं.

तिने खुर्ची सरळ करून आपल्याच टेबलाशी ठेवली. दुसऱ्या टेबलावरचा कॉम्प्युटर कुत्रेवाली नेस्टा मागत होती. तिला फोन करून "घेऊन जा" म्हणून सांगितलं. चहाला पाणी ठेवलं. कागदांवरचा जुना ठसा उचलला, जड आणि गार. त्यातली अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती. तिने त्याची एक कड, शेवटच्या शब्दांची, डाव्या तळहातावर ठेवली आणि वरून सगळा भार दिला.

उचललं तेव्हा तळव्यात अक्षरं सुलट उमटली होती, लालसर, खोल. 'आणि तिची मुलगी.' एमचे दोन्ही पाय फाकलेले, हट्टी.

ती बघत बसली. पाणी उकळेपर्यंत पहिला पाय गेला, मग दुसरा. मग नुसता हात राहिला.