सापाचं वर्ष

नीलांबरीने प्रल्हादच्या सातव्या शर्टाला इस्त्री केली, घडी घातली आणि डोनेशनच्या पिशवीत ठेवला. राधिका दारात उभी राहून बघत होती.

"आई, देऊनच टाकायचेत ना? मग इस्त्री कशाला?"

नीलांबरीने आठवा शर्ट पसरला.

प्रल्हादला जाऊन दोन महिने होत आले होते. पार्सिपनी गावातली सगळी ओळखीची माणसं भेटून गेली. प्रत्येकाला तिने चहा केला. रडू काही आलं नाही.

मोज्यांच्या खणात तळाशी लाल मोजे होते, पाकीटही न फोडलेले. शेजारच्या मिसेस लिननी गेल्या जानेवारीत दिले होते. प्रल्हादचा जन्म त्रेपन्न सालचा, म्हणजे चिनी पंचांगाप्रमाणे त्याचा प्राणी साप, आणि तेव्हा लागणारं नवं वर्षही सापाचंच. बारा वर्षांनी आपल्या प्राण्याचं वर्ष फिरून आलं की ते माणसाला जड जातं, म्हणून वर्षभर अंगावर काहीतरी लाल हवं, असं त्या म्हणाल्या होत्या. नीलांबरीने हसून मोजे घेतले आणि खणात टाकले. प्रल्हादला सांगितलंही नाही. जन्मभर फार्मसीत काम केलेली बाई ती; लग्नसुद्धा दोघांनी पत्रिका न बघता केलेलं.

तो गेल्यावर मात्र तिने ते बाराही प्राणी पाठ केले. दीर, नणंदा, भाचे, सगळ्यांची जन्मसालं ताडून पाहिली. काहींचं जुळलं, काहींचं नाही. विश्वास बसला नाही. पण मोजे खणातच राहिले होते, हे काही केल्या बदलत नव्हतं.

"बाबांना हार्टचा प्रॉब्लेम होता," राधिका हळूच म्हणाली. मोज्यांचं तिला ठाऊक होतं. "Please don't do this to yourself."

नीलांबरीने इस्त्रीचं बटण बंद केलं, कोट चढवला आणि पाकीट घेऊन शेजारी गेली.

मिसेस लिन घरी एकट्याच होत्या. मुलीजवळ राहायला म्हणून तीन वर्षांपूर्वी त्या इथे आल्या होत्या. नीलांबरीने पाकीट टेबलावर ठेवलं आणि औषधाचा डोस सांगावा तशा सरळ आवाजात इंग्रजीत म्हणाली,

"मी हे त्यांना दिलेच नाहीत. तुम्हाला सांगायला हवं होतं."

मिसेस लिननी पाकीट जवळ ओढलं.

"माझ्या नवऱ्याचा प्राणी वाघ होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर्षात मी त्याला रोज लाल मोजे घातले. हॉस्पिटलमध्येसुद्धा. नर्स काढायची, मी पुन्हा घालायचे. सप्टेंबरमध्ये तो गेला."

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी रस्त्यावरून गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"मग तरीही मला का दिलेत?"

"तुमचे मिस्टर रोज सकाळी माझा पेपर दारापर्यंत आणून ठेवायचे. मला दुसरं काय देता येणार होतं?"

प्रल्हाद असं काही करायचा, हे नीलांबरीला ठाऊक नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली. कोट अंगावरच होता. जरा वेळाने तिने डोळे पुसले, आणि तीन वर्षांच्या शेजारात कधीच न विचारलेलं विचारलं,

"तुमच्या मिस्टरांचं नाव काय होतं?"