मधली जागा

“पायरीखालीच थांबा. घर नवीन आहे, तुमचे पाय नकोत त्याला.”

शिंपीणकाकू असे म्हणाल्या तेव्हा मी कॅमेऱ्याची तिवई उघडीत होतो. दंगलीत जळालेली आमच्या गल्लीतील अकरा घरे पुनश्च उभी राहिली होती. प्रत्येक घराच्या दारापुढे त्या कुटुंबाचे छायाचित्र काढून कचेरीत देण्याचे कार्य मजकडे आले होते. छायाचित्राविना घराचा कागद मिळणार नव्हता. दहा घरे झाली होती. अकरावे काकूंचे, आणि मुदत त्याच सायंकाळी संपत होती.

त्यांच्या रोषास कारण होते. दंगलीच्या दिवशी मी माझ्या माडीवरून एक छायाचित्र टिपले. त्यात काकूंचा मुलगा हातात डबा घेऊन आगीकडे धावताना दिसतो. डब्यात पाणी होते; त्याने ते ओतताना मी स्वतः पाहिले. पुढे पोलिसांनी ते छायाचित्र मागितले. मी दिले, परंतु पाण्याविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांनी विचारलेच नाही, असे मी स्वतःस अनेकवार सांगितले आहे. डब्यात रॉकेल होते असे धरले गेले आणि तो अद्याप तुरुंगात आहे.

“काकू, सूनबाईंना बोलवा. उजेड जाईल,” मी म्हणालो.

“जाऊ दे. पोलीस ठाण्यात दातखीळ बसली होती तुमची. आज बरं तोंड चालतंय.”

“दुसरा फोटोवाला बघा हवं तर.”

“दुसरा असता तर तुमचं तोंड कोण बघतंय?”

आतून सून म्हणाली, “आई, आधी कागद पदरात पडू दे. यांना शिव्या काय, उद्याही घालता येतील.”

काकू दाराच्या डाव्या अंगास उभ्या राहिल्या, सून उजव्या अंगास. मी कॅमेऱ्यास डोळा लावला. तीस वर्षे जे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारले, ते याही वेळी आपसूक निघून गेले.

“जवळ सरका. मधे जागा नको.”

दोघींपैकी कोणीही हलले नाही. सुनेने मान खाली घातली.

“ती जागा धरून काढा,” काकू म्हणाल्या. “जमत नसेल तर राहू दे तुमचा कागद.”

चौकट अपुरी पडत होती. मी तिवई उचलली आणि मागे सरत सरत समोरच्या गटाराच्या काठापर्यंत गेलो. तेव्हा कुठे ती जागा पूर्ण मावली.