पाच डबडी, एक वूफर आणि मधली भिंत

शिरूर कासारात टीव्हीतलं आपल्याइतकं कुणालाच कळत न्हाई, असं त्रिंबकचं ठाम मत होतं. फोर-के, एचडीएमआय, सराउंड हे शब्द तो पानाला चुना लावावा तसे बोलण्याला लावायचा. "एचडीएमआय मंजी वायर न्हाई, कालवा हाय कालवा," असं सांगून त्यानं एकदा अख्खं सलून गप्प केलतं.

लेक ऋतुजाच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला अंबाजोगाईचे व्याही राधाकिशनराव येणार होते. माणूस शिकलेला, दर वाक्यात 'टेक्निकली' म्हणणारा. त्यांच्यापुढं नाक खाली जाऊन चालणार नव्हतं. म्हणून होम थिएटर आलं, तेही धाकट्या हनुमानच्या भागीत.

दोघं भाऊ एकाच घरात, मधी भिंत घालून वेगळे. खोकं दारात उतरताच आई सारजाबाई म्हणाली, "भागीची वस्तू हाय, निम्मी त्याची. शेताची वाटणी झाली, मंग डबड्यांची कावून न्हाई?"

खोक्यात सहा नग. मोठेपणाच्या हक्कानं वाटणी त्रिंबकनंच केली. दोन उंच स्पीकर आणि ढोलाएवढा वूफर स्वतःकडं. हनुमानला दोन बारकी डबडी आणि एक आडवी, विटेएवढी.

"दादा, ह्या विटेवर सेंटर लिवलंय."

"मंग लाव की तुज्या भिंतीच्या मधोमध! सराउंड मंजी घराला वेढा. तुला न्हाई कळायचं."

भिंतीला भोक पाडून वायरी पलीकडं गेल्या.

रविवारी दुपारी व्याही आले. व्हिडिओत हलगी कडाडली, तशी वूफरच्या दणक्यानं कपबशी टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेली. त्रिंबकची छाती फुगली. मग पडद्यावर भटजी आले. तोंड हलतंय, आवाज न्हाई. ऋतुजाचा मामा माईक धरून बोलतोय, तोही मुका.

"त्रिंबकराव, टेक्निकली काय झालं?"

"फोर-के हाय ना पाव्हणं. चित्र इतकं साफ, की आवाजाची गरजच न्हाई. ओठ वाचायचे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत मंगलाष्टक ऐकू आलं. राधाकिशनरावांनी कान टवकारले. "आहो, माणसांचं बोलणं सेंटरमधूनच येतं. तो तिकडं दिला का काय?" असं म्हणत ते उठून हनुमानकडं गेलेसुद्धा.

त्रिंबक एकटाच पडद्यापुढं उरला. पडद्यावर गुलाबी फेट्यातला दुसरा त्रिंबक कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन व्हिडिओवाल्याला काहीतरी सांगत होता. आपण तवा काय बोललतो हे आठवलं, आणि तो अनवाणीच पळत सुटला.

हनुमानच्या दारात पोचला, तर वीट त्याच्याच आवाजात सांगत होती, "व्याह्याला बाजूनं घिऊ नको बे. समदं पोटच दिसतंय."

हनुमानच्या बायकोनं, अंजूनं, तोंडाला पदर लावला. राधाकिशनरावांनी पोटावरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला.

"त्रिंबकराव," ते म्हणाले, "टेक्निकली, आवाज लई साफ हाय."

तेव्हापासून व्याही आले की थेट हनुमानकडंच चहाला बसतात. परवा हनुमाननं वीट काढून आणली. "दादा, घे तुज्याकडं. मला न्हाई कळत ह्यातलं."

"ऱ्हाऊ दे बे तिकडंच," त्रिंबक म्हणाला. "मुका लई चांगला दिसतो मी."