जवसाचा वास

जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे नाकोबा म्हणत. नाक तसं बेताचंच होतं, पण कुठलंही तेल हाती घेतलं की तो आधी बाटलीचं बूच काढून नाकाशी धरी, डोळे मिटी आणि मगच चिंधीवर थेंब टाकी. गिऱ्हाइकांना ते बघायला आवडायचं. काही जण तर काम नसतानाही दुकानात येऊन बसत आणि कुठली तरी बाटली पुढे करून म्हणत, ओळख बघू. तो ओळखायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या दारातून स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. गावाबाहेरच्या मैदानावर हौशी लोकांचं एक मंडळ सुट्टीच्या दिवशी ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करायचं. तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, मागे आपटताच ठिणगी देणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिच्यावर पडणारा घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबून बार काढायचा. या बंदुकांची दारू फार खोडसाळ. तिची राख ओल धरते आणि एका रात्रीत नळी आतून गंजवते. म्हणून आधी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी ठणठणीत करायची आणि मग तेल. आता तेल कोणतं, यावर नाकोबा तासभर बोलू शकत असे. मशीनचं तेल गंजाला उत्तम, पण राखेत मिसळलं की डांबर होतं. तेव्हा ते फक्त वर्षभर पडून राहणाऱ्या बंदुकीला, आणि तेही बार काढण्याआधी पुसून काढायचं. नेहमीच्या वापरातल्या नळीला आणि घोडा चालवणाऱ्या आतल्या कळीला जनावरांच्या खुरांचं तेल. ते थंडीत गोठत नाही, उन्हात वाळत नाही. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल, कारण ते वाळतं आणि लाकडावर कातडीसारखं बसतं.

खुरांचं आणि जवसाचं, दोन्ही तेलं पिवळी, दोन्ही सारखीच पातळ. फरक वासाचा. एकाला चरबीचा मंद वास, दुसऱ्याला ओल्या रंगाचा. दोन्ही बाटल्या फळीवर शेजारी शेजारी असत. त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. बायकोने कधी तरी सुचवलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता की आंधळ्याने काठी घ्यावी, डोळसाने कशाला?

त्या वर्षी त्याला ताप आला. साधा म्हणता म्हणता चांगला लांबला. तो वर अंथरुणात आणि दुकान बंद. बायकोला रिकामं बसवेना, म्हणून तिने दुकानाची झाडलोट काढली. फळीवरच्या बाटल्या उतरवल्या, वर्षानुवर्षांचा चिकटा सोड्याने घासून काढला आणि बाटल्या होत्या तशा परत मांडल्या. होत्या तशाच मांडल्या असं तिला वाटलं.

ताप उतरला, भूक लागायला लागली, पण चहा नुसताच गरम आणि गोड लागायचा. नाकोबाला वाटलं, सर्दी आहे, जाईल. एकदा बायको शेजारी गेली असताना तो शेगडीजवळ खुर्ची टाकून बसला होता. ती परत आली तेव्हा दूध उतू जाऊन करपलं होतं, घरभर धूर, आणि हा पेपर वाचतोय. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने रॉकेलचा बोळा त्याच्या खुर्चीमागे ठेवला आणि भाजी निवडत बसली. त्याने मान वळवली नाही.

"वास गेलाय ना तुमचा?" तिने विचारलं.

तो बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, "येईल. कुणाला बोलू नकोस."

डॉक्टरांकडे तो गेला, तिच्याच आग्रहाखातर. येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. तिने पुन्हा चिठ्ठ्यांचा विषय काढला. नाकोबाला ते लागलं. सगळं गाव ज्याला नाकोबा म्हणतं, त्याच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या दिसल्या तर नाक कापल्यासारखंच होतं. शिवाय कुठली बाटली कुठे आहे हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्याने दुकान उघडलं. गिऱ्हाईक समोर असलं की तो पूर्वीसारखाच बूच काढून बाटली नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. आतून बघणारी बायको तेवढ्यापुरती तोंड फिरवायची. पण घर त्या दुकानावर चालत होतं, आणि तो पुन्हा उभा राहिलाय हेही तिला काही थोडं नव्हतं.

त्या दिवसांत दस्ते नीट वाळेनात. तेल लावून टांगलेलं लाकूड आठवडाभराने हात लावला तरी चिकट. हवा दमट आहे, तो म्हणाला, आणि तिलाही ते पटलं.

मास्तर हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाला होता आणि मंडळात सगळ्यात काटेकोर म्हणून त्याची थट्टा व्हायची. त्याची बंदूकही तशीच, पणजोबाच्या वेळची पण आरशासारखी. हिवाळ्यात मैदान बंद असे, तेव्हा तो ती नाकोबाकडे आणून देई आणि मोसम सुरू होताना घेऊन जाई; त्या हिवाळ्यातही तसंच झालं. स्वतः तेलाला हात लावत नसे. ज्याचं काम त्याने करावं, असं त्याचं म्हणणं.

मोसमाच्या पहिल्याच दिवशी तो मैदानावर गेला. दारू भरली, गोळी ठासली, घोडा अर्ध्यावर ओढला. अर्ध्यावर घोडा खाचेत अडकतो आणि चाप दाबला तरी पडत नाही; म्हणून टोपी बसवताना तो तसाच ठेवायचा असतो. टोपी मुगाच्या दाण्याएवढी. जाड चष्म्यातून ती नीट दिसेना, म्हणून मास्तरने चष्मा कपाळावर सरकवला, टोपी बसवली, बोट काढलं आणि ती सरळ बसली का हे बघायला वाकला. घोडा पडला. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली, तिने कुणाला काही केलं नाही. फुटलेल्या टोपीचा कपचा मास्तरच्या उजव्या डोळ्यात गेला.

मैदानाचा प्रमुख, माजी फौजदार, बंदूक घेऊन नाकोबाकडेच आला. हिचं काय बिघडलं ते सांगणारा दुसरा होता कोण? नाकोबाने स्क्रू काढले आणि कळ उघडून टेबलावर ठेवली. आत सगळीकडे तपकिरी, सुकलेल्या डिंकासारखा थर. घोड्याला अडवणारी चोच त्यात रुतून बसली होती. खाच भरून गेली होती. घोडा अर्ध्यावर अडकला आहे असं मास्तरला वाटलं असेल, पण तो नुसता टेकलेला होता.

प्रमुख वाकला. म्हणाला, रंगाच्या दुकानासारखा वास येतोय.

नाकोबाने कळीचा एक भाग उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग मान हलवली.

प्रमुखाने मास्तरचा स्वभाव सांगायला सुरुवात केली. नेटका माणूस, पण म्हातारपणी माणसाला वाटतं आपल्याला सगळं कळतं. घरी काही तरी ओतलं असणार, दाराला लावायचं तेल वगैरे. मंडळाला लिहून द्यावं लागेल. नाकोबा सुटे स्क्रू एका रांगेत मांडत राहिला. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती.

प्रमुख गेल्यावर ती पुढे आली. फळीवरच्या दोन्ही पिवळ्या बाटल्या तिने खाली घेतल्या आणि एकेक उघडून हुंगली. एवढ्या वर्षांत तिने त्या बाटल्यांना कधी नाक लावलं नव्हतं, पण रंगाचा वास कुणालाही कळतो.

"मी पुसली होती फळी," ती म्हणाली. "तुम्ही तापात होता तेव्हा. उलट्या ठेवल्या मी."

दमट हवेवर ढकललेले ते चिकट दस्ते त्यालाही आठवले असणार; त्यांना खुरांचं तेल लागलं होतं. तो म्हणाला, "तू फळी पुसलीस. तेल मी घातलं."

"मग सांगा त्यांना."

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. इस्पितळात तो एकदा गेला, तेव्हा मास्तर औषधाच्या गुंगीत होता. हा पलंगाशी बसून परत आला. मग मास्तर घरी आला, डोळा गेला तो गेलाच, आणि मंडळाचा निर्णयही आला: निष्काळजीपणाबद्दल मास्तरला मैदान बंद. ज्या माणसाने जन्मात फळ्यावरचं उत्तर पडताळल्याशिवाय पुसलं नाही, त्याला गावातली पोरंसोरं हसायला लागली. मास्तर कुणाशी वाद घालत नव्हता. आपणच कुठे चुकलो, हे आठवण्याचा प्रयत्न करत तो दिवसचे दिवस खिडकीशी बसतो, असं त्याची बायको भाजीच्या दुकानात सांगत होती. ते ऐकून नाकोबाची बायको पिशवी तिथेच ठेवून तिच्याबरोबर तिच्या घरी गेली आणि सगळं बोलून आली. आधी फळीचं, मग नाकाचं. मास्तरची बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती; ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. झाल्यावर एवढंच म्हणाली की आता तू जा.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो ओरडेल, भांडं आपटेल, असं तिला वाटलं होतं. त्याने सदरा बदलला आणि मास्तरकडे गेला.

मास्तर खिडकीशीच होता. डोळ्यावर पट्टी, मांडीवर घोंगडी. नाकोबा उभाच राहिला, कारण बस असं कुणी म्हटलं नाही. त्याने सांगायला सुरुवात केली, पण मास्तरने हात वर केला. ऐकलंय, म्हणाला.

"बाटल्या चुकल्या याचं मला काही नाही," मास्तर म्हणाला. "चुकतात. वास गेला हे तू मला सांगितलं असतंस, तर मीच हुंगून दिलं असतं तुला. रोज येऊन दिलं असतं."

माफ कर म्हणायला नाकोबाने तोंड उघडलं, पण ते शब्द त्याला इतके हलके वाटले की जीभ उचलेना.

"आणि मला निष्काळजी म्हणाले, तेव्हा तू तिथे होतास," मास्तर म्हणाला.

"होतो."

यापलीकडे त्यांचं बोलणं झालं नाही.

नाकोबाने मंडळाला सगळं कळवलं. मास्तरवरची बंदी उठली, पण एका डोळ्याने तो पुन्हा मैदानावर गेला नाही. नाकोबा त्यानंतर दारोदार फिरला. तापानंतर ज्यांच्या ज्यांच्या बंदुकांना त्याने हात लावला होता, त्या मागून आणल्या. काहींनी नाक मुरडत दिल्या, एकाने दारातच सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला बायको. तो कळ उघडी, ती वाकून वास घेई आणि सांगे. अनेक बंदुकांच्या आत तोच तपकिरी थर सापडला. स्पिरिटने तो खरवडून काढायला बोटं सोलवटली. प्रत्येक बंदूक धुऊन, कोरडी करून, बायकोने हुंगून दिलेलं तेल लावून त्याने परत पोचवली. शेवटची बंदूक दिल्यावर त्याने दुकान बंद केलं. बायकोने अडवलं नाही. मी आहे ना हुंगायला, असं एकदा म्हणाली होती, पण त्याला ते जमण्यासारखं नव्हतं, हे तिला बोलता बोलताच कळलं.

आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसतो. बायको घरी शिवणकाम करते. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवतात. ती पूर्वीसारखाच स्वयंपाक करते, आणि कसं झालंय असं विचारत नाही. तो चांगलं झालंय असं आपण होऊन सांगतो.

परवा चांभाराच्या दुकानातून बाहेर पडताना त्याला मास्तर समोरून येताना दिसला. नाकोबा त्याच्या उजव्या बाजूला होता, त्यामुळे मास्तरला तो दिसला नाही. तसंच जाऊ द्यायचं त्याच्या मनात आलं होतं. तरी त्याने हाक मारली. मास्तर थांबला, कोण आहे हे बघायला अख्खी मान वळवली.

"बरा आहेस ना?" मास्तर म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता फुटपाथची पायरी चाचपत खाली उतरला.