निशिगंधाची सोबत

निशिगंधाला चौथा महिना लागला होता आणि गर्भपात झाला. ऐरोलीतल्या कंपनीत ती पंधरवड्यानं परत कामाला लागली. घरी मात्र कुणी विषयच काढत नव्हतं. सासू गोजराबाई एवढंच म्हणाली होती, "झाला ता झाला. आता कोनाला सांगत बसू नको."

मग मोनाली भेटली. ती सानपाड्याची, मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. ज्या बायांचं मूल पोटातच गेलं, त्यांना तशाच दुःखातून गेलेल्या बाईची सोबत मिळाली तर मन सावरतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती काहीजणींना शिकवून तयार करत होती. निशिगंधानं होकार दिला.

तिच्या वाट्याला करंजाड्याची नमिता आली. दर शनिवारी निशिगंधा तिच्याकडे जायची. नमिता चहा द्यायची, टीव्ही बारीक आवाजात लावून ठेवायची आणि गप्प बसायची. असे कितीतरी शनिवार गेले.

"मॅडम, माझं नाव काढा यातून," निशिगंधा शेवटी मोनालीला म्हणाली. "मला नाही जमत."

"ताई, नाही जमलं तर तेही मी लिहीन. संशोधनात फक्त चांगलंच लिहायचं नसतं. पण ती दार उघडते ना अजून?"

"उघडते."

"मग जात राहा."

पुढच्याच आठवड्यात नमिताचा फोन आला.

"ताई, रविवारी नणंदेचं, सुनयनाचं डोहाळजेवण आहे. आमच्याच घरी. सासूबाई म्हणतात, तू आत भाताकडे बघ, ओटी भरायला पुढे येऊ नकोस."

निशिगंधाच्या तोंडाशी बरंच काही आलं. अशा सासूला काय ऐकवायचं, ते तिला चांगलं सुचत होतं. पण सल्ला द्यायचा नाही, विचारायचं, हे ती शिकली होती.

"तुला काय हवंय, नमिता?"

 आधी हुंदका, आणि मग कित्येक महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. बाळासाठी घेतलेली दुपटी, दवाखान्यातली ती दुपार, नवऱ्याचं गप्प राहणं. निशिगंधा ऐकत राहिली. मधे एकदा म्हणाली, "माझंही असंच झालं होतं गं."

शेवटी नमिता म्हणाली, "मला ओटी भरायचीय. सुनयनाला मी लहानपणापासून ओळखते. तिचं वाईट मी कसं चिंतीन?"

"हे त्यांना सांगशील?"

"सांगते."

रविवारी निशिगंधा गेली नाही. तिथं नमिताला स्वतःच उभं राहायचं होतं. दिवसभर निशिगंधाचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी फोन वाजला.

"भरली, ताई! सासूबाईंसमोर सांगितलं, माझं बाळ गेलं, माझी माया नाही गेली.  तेवढ्यात सुनयनानंच पदर पुढे केला. म्हणाली, वहिनी, पहिली ओटी तुझी."

निशिगंधा स्वयंपाकघरात रडत हसत होती. गोजराबाईनं दारातून विचारलं, "काय झाला गो?" तेव्हा तिनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं, नमिताचं आणि स्वतःचंही. गोजराबाई खाली बसली आणि सुनेचा हात बराच वेळ धरून राहिली.

मोनालीनं सानपाड्याच्या एका हॉलमध्ये निष्कर्ष मांडले. दोघींनी मधेच सोडलं, हेही तिनं लपवलं नाही. बाकीच्या बहुतेकींची झोप सुधारली होती, त्या घरात बोलू लागल्या होत्या. मग तिनं सोबत करणाऱ्या बायांना पुढे बोलावलं. "हे काम माझ्या एकटीचं नाही," ती म्हणाली.

निशिगंधा ताठ मानेनं उभी राहिली. समोर नमिता जोरजोरात टाळ्या वाजवत होती. सोबत करायला शिकणाऱ्या पुढच्या तुकडीत तिनं नाव दिलं होतं. तिच्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसलेली गोजराबाई पलीकडच्या अनोळखी बाईला सांगत होती,

"ती हाय ना निळ्या साडीतली? माजी सून हाय ती."