घरटी एक कार्ड

"बघा, आमच्याच घराचं कार्ड निघालं!" प्राणेशराव दिवाणावरून इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडाले. "आता एकच वार. मुंडकंच उडवतो त्या राक्षसाचं!"

"अहो, या खेपेला मला औषध देऊ द्या," चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या भार्गवीबाई म्हणाल्या. "तुमचा सरदार मरायला टेकलाय."

"थांब ग जरा. तुला न्हाई कळायचं त्यातलं."

कळायचं नाही म्हणे! भालकीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढलेल्या बाईला मरायला टेकलेला माणूस कळायचा नाही. भार्गवीबाईंनी ट्रे आपटला नाही, कारण कप नवे होते.

हे खूळ आणलं होतं त्यांच्या लेकीनं, विनीतानं. बेंगळूरच्या कंपनीचं काम ती घरूनच करायची. बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतून तिचे अप्पा, म्हणजे प्राणेशराव, निवृत्त झाले आणि घरात बसून वरणात डाव कसा फिरवावा इथपासून चुका काढायला लागले, तेव्हा तिनं हा उपाय शोधला. एकानं, म्हणजे विनीतानं, गोष्ट रचत जायची, राक्षसही तिनंच खेळवायचा, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायची. आपला माणूस काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमतं की फसतं ते फाशावर ठरायचं. रविवारी दुपारी शेजारचे खत-बियाण्यांच्या दुकानाचे धनराज आणि त्यांची बायको रेणुका यायचे, कन्नड शाळेतले शिवशरण मास्तर यायचे. मास्तर एकटेच, लग्न न झालेले.

गोष्ट सुरू असायची तोवर सगळे गुण्यागोविंदानं नांदायचे. लढाई लागली की मात्र एकच कालवा. धनराजांचा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकांवर तयार झालेला, त्यामुळं पहिला वार कायम त्यांचाच. सगळा जन्म खिडकीतून "लाईनीत या" म्हणत काढलेल्या प्राणेशरावांना ते कसं सोसावं? त्यांनी एका आठवड्यात कार्डं बनवली.

मुलाच्या लग्नात पत्रिका मोप छापल्या होत्या, त्या माळ्यावर पडून होत्या. मागच्या पानावर व्यंकटेशाचं चित्र, त्या पानाची आतली बाजू कोरी, कागद जाड. प्राणेशरावांनी त्या फूटपट्टी लावून सारख्या कापल्या आणि कोऱ्या बाजूवर मार्करनं सुरेख अक्षरात नावं घातली. ज्याचं कार्ड निघेल त्याचा नंबर. सगळी निघाली की परत पिसायची. धनराज गप्प बसले. मास्तरांनाही बोलायला मिळू लागलं. सगळ्यांनी प्राणेशरावांची तारीफ केली, भार्गवीबाईंनी तर सगळ्यात जास्त. त्याचा त्यांना पुढं फार राग आला.

कारण कार्डं चारच होती. 'शिवशरण', 'राक्षस', 'धनराज सहकुटुंब' आणि 'प्राणेश सहकुटुंब'.

"अप्पा, आईला वेगळं कार्ड द्या की," विनीता म्हणाली होती.

"पत्रिका घरटी एक जाते. एका घरात दोन कशाला? दोघांतलं कुणीबी खेळावं."

कुणीबी म्हणजे कोण, हे सांगायला नकोच. कार्ड निघालं की प्राणेशरावांचा सरदार तलवार उपसायचा. भार्गवीबाईंची वैद्यीण औषधाची पिशवी घेऊन नदीवरच्या पुलावर महिनाभर तशीच उभी होती. आणि वैद्यीण तरी त्यांनी कुठं मागितली होती? त्यांना चोर व्हायचं होतं. पण पहिल्याच दिवशी यांनी सांगून टाकलं, "तिची वैद्यीण लिही, ती नर्सच हाय." लेकीनं लिहिलं. या घरात भार्गवीबाईंना काय हवं हे त्यांच्याआधी दुसऱ्यालाच ठाऊक असायचं.

फासा पडला. प्राणेशरावांना मिळाले दोन.

"वार हुकला," विनीता म्हणाली. "आता राक्षसाचंच कार्ड राहिलंय." तिनं आपला फासा टाकला आणि तिचा चेहरा पडला. "अप्पा, लागलं. सरदारात आता नुसती धुगधुगी हाय. पुढच्या फेरीत राक्षसानं आणखी एक फटका दिला की गेला. आणि या खेळात गेला की गेला."

प्राणेशरावांनी मिशांवरून हात फिरवला. सरदाराच्या मिशाही त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. सकाळी फिरायला जाताना ते लोकांना त्या सरदाराच्या गोष्टी सांगायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माणूस हसून घरी यायला लागला होता. सरदार मेला तर उद्यापासून पुन्हा ते वरण आणि तो डाव, हे भार्गवीबाईंना स्वच्छ दिसत होतं. सरदार जगायला हवा, हे त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. औषध त्यांच्याच पिशवीत होतं, आणि तेवढं द्यायचीही त्यांना मुभा नव्हती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी ट्रे टीव्हीच्या टेबलावर ठेवला, आत गेल्या आणि दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन आल्या. पिसायला गोळा केलेल्या कार्डांतून त्यांनी आपल्या घराचं काढलं आणि दोन शब्दांच्या मधोमध कचकन कापलं.

"अगं ए! काय करायलीस?"

"वाटणी. हे तुमचं, हे माझं."

प्राणेशरावांच्या हातात 'प्राणेश' आलं. भार्गवीबाईंकडं 'सहकुटुंब' राहिलं.

"हे चालायचं न्हाई," प्राणेशराव म्हणाले. "अर्धं कार्ड हाताला कळतंय. पिसणारा लबाडी करू शकतो."

"मग नवीन करा."

"कशाची करू? उरलेल्या पत्रिका रद्दीत गेल्या."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच भार्गवीबाईंना जास्त संताप आला. हा माणूस बरोबर बोलून बोलूनच आपल्याला गप्प करत आला आहे. कात्री हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. रडू येईल की काय असं त्यांना वाटलं, आणि एका खेळापायी रडू यावं याची लाजही वाटली.

"अक्का, ती कात्री इकडं द्या," रेणुका म्हणाली. रविवारमागून रविवार ती सतरंजीवर बसून चिवड्यातले शेंगदाणे निवडत होती. तिनं आपल्या घराचं कार्ड उचललं.

"तू कामून कापायलीस?" धनराज दचकले.

"माझे बाण भात्यातच गंजायलेत म्हणून." आणि तिनं कापलं.

कात्री शिवशरण मास्तरांकडं गेली. त्यांनी आपलं कार्ड कापलं. एका अर्ध्यावर नाव, दुसरं कोरं. कोरं त्यांनी खिशात ठेवलं. "असू द्या," ते लाजून हसले. "पुढंमागं लागलं तर." शेवटी विनीतानं राक्षसाचंही अर्धं केलं. आता सगळी कार्डं सारखी झाली. प्राणेशरावांनी ती हातात घेऊन डोळे मिटून चाचपली आणि लेकीकडं दिली.

विनीतानं पिसली. पहिलं निघालं 'धनराज', आणि त्यांचा वार हुकला. दुसऱ्या कार्डावर प्राणेशरावांनी श्वास रोखला. राक्षस निघाला असता तर संपलंच होतं.

"सहकुटुंब," विनीतानं वाचलं आणि थबकली. "कुणाचं?"

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. दोन कार्डांवर तोच एक शब्द होता, आणि बायकांपैकी एकीचंही नाव कुठंच नव्हतं.

"आमचं असंल," धनराज म्हणाले.

"अक्काचं हाय," रेणुका म्हणाली.

"कशावरून?"

"मी म्हणायले म्हणून."

विनीतानं ते कार्ड आईच्या हातात दिलं. "बोल आई, वैद्यीण काय करती?"

प्राणेशरावांनी तोंड उघडलं. "अप्पा, तुमचा नंबर न्हाई," विनीता म्हणाली. त्यांनी ते मिटलं. जन्मभर लोकांना थांबवत आलेला माणूस पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होता. आपण बोलेपर्यंत इथं कुणीही बोलणार नाही, हे भार्गवीबाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी मुळीच घाई केली नाही.

"वैद्यीण आधी बसती," त्या म्हणाल्या. "महिना झाला, उभीच हाय ती पुलावर."

प्राणेशरावांनी टेबलावरच्या ट्रेकडं पाहिलं, मग बायकोच्या पायांकडं. मग पसरलेले पाय जवळ घेतले आणि दिवाणाच्या कडेला सरकले.

भार्गवीबाई बसल्या. अर्धं कार्ड त्यांनी मांडीवर सरळ करून ठेवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता औषध."