ऑर्विलच्या जागी

ओंडक्यावरून सुटून आलेली पहिली पट्टी — दोन बोटे रुंद, ओली, जिभेसारखी थरथरणारी... वेसली ती नुसतीच धरून उभा राहिला. टोपल्या विणायच्या पट्ट्यांसाठी कुऱ्हाडीच्या पाठीने काळ्या ॲश झाडाच्या ओंडक्यावर ठोकत राहिले, की झाडाचे एकेक वर्ष असे अलगद सुटते. आणि ही वरची पट्टी म्हणजे नुकताच सरलेला उन्हाळा, जो ऑर्विलने पाहिला नव्हता. तिच्याखालचे वर्ष दोघा मित्रांचे होते. ते सोलायला हात होईना.

मागे ऑर्विल उभा होता. म्हणजे नव्हता — लाकूडतोडीच्या छावणीत पाइनचे झाड अंगावर येऊन तो हिवाळ्यातच गेला होता; तरी मानेमागे ती ओळखीची ऊब असे, आणि वळून पाहण्याची गरज वेसलीला कधी पडली नव्हती.

उद्या मात्र त्याच्या जागी मी... आम्हा पोटावाटोमी आदिवासींत गेलेल्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. त्याच्याच वयाचा कुणी त्या घरचा मुलगा होतो, त्या घरचे नवे कपडे अंगावर घालतो, सगळी वस्ती जेवते, आणि आईचे रडणे थांबते. गेलेलाही मोकळा होतो, पश्चिमेच्या वाटेला लागतो. सगळ्यांच्याच भल्याचे. पण मला कुणी विचारले का, की तो असा न गेलेलाच मला हवा आहे?

"दोन आया, दोन चुली!" पट्ट्या गुंडाळता गुंडाळता त्याची बहीण मर्टल म्हणाली. "इथं उरलंसुरलं, तिथं हरणाचं मटण. मज्जा आहे बाबा एका माणसाची!"

"मग तूच जा की माझ्याऐवजी."

"दाढी आली की जाईन. पळ आता, ॲग्नेसकाकूंनी जोडे घालून बघायला बोलावलंय."

ऑर्विलची आई ॲग्नेसकाकू दारातच बसली होती. हरणाच्या कातड्याचे नवे जोडे तिने पुढे सरकवले. "घाल रे पोरा."

पाय आत गेला आणि जातच राहिला. अंगठ्यापुढे केवढी पोकळी... हा ऑर्विलचा पाय होता. तिने माप घेतलेच नव्हते. हातांनी आपोआप आठवले होते. छावणीवाल्यांनी त्याला बुटांसकट पेटीत घालून, खिळे ठोकूनच पाठवले. जाणाऱ्याच्या पायात असे मऊ जोडे हवेत, ते राहूनच गेले होते.

"सैल होतायत का?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांग हं. सैल असतील तर उसवते सगळे. मग उद्याचं वसंत ऋतूवर टाकू... घाई कुठंय?"

घाई कुठे आहे. एक शब्द, तोही खरा — आणि अख्खा हिवाळा मिळेल. गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसताना मानेमागे ती ऊब... त्याने तोंड उघडले. काकू त्याच्याकडे पाहत नव्हती. रडून रडून सोलवटलेल्या पापण्यांनी ती जोड्यांकडे पाहत होती. दारातून निघालेल्या माणसाच्या पावलांकडे पाहावे तशी.

"बरोबर बसलेत," तो म्हणाला. आणि मग, चाचरत, "आई."

"खोटारडा मेला," ती म्हणाली. ओठ थरथरले, पण हसलेही. "तोही अस्साच होता."

शालीचे टोक डोळ्यांना लावून ती आत गेली. वेसली तसाच उभा राहिला. मानेला वारा झोंबला — निव्वळ वारा. आजवर कधी वळावे लागले नव्हते. आता तो वळू लागला, सावकाश, आणि वळतानाच त्याला कळून चुकले, की तिथे कुणी नसले तर भीती वाटणार आहे... आणि असले, तर अधिकच.